पिठातली लाखोळी

नागपूरच्या तांडापेठेतल्या त्या गल्लीत दुपारी चारच्या सुमारास माग थांबायचे. खड्ड्यात पाय सोडून दिवसभर विणणारी माणसं पाठ सरळ करत बाहेर यायची आणि चंपतरावाच्या ओट्यावर येऊन टेकायची. चंपतराव त्यांच्यासारखाच विणकर. ओट्याला लागून चूल होती आणि चुलीशी त्याची बायको गोपिका. थंडीच्या दिवसांत ती कांद्याचे भजे काढायची, कधी पातोड्यांचा झणझणीत रस्सा करायची, आणि वर सगळ्यांना गुळाचा कोरा चहा. दूध त्या गल्लीत चहात पडायचंच नाही. गूळ, ठेचलेलं आलं, गवती चहाची पात, एवढ्यावर पितळी भगोनं उकळत राहायचं. माग बंद असतील त्या दिवशी ती गोळाभात करायची. भरड दळलेल्या डाळीचे गोळे भातातच वाफवायचे आणि वाढताना वरून मोहरी-मिरचीची गरम तेलाची धार. शेजारच्या शोभाताईंचा नवरा भैय्याजी म्हणायचा की, या भातासाठी माणसानं आजारी पडावं.

गोपिकेची एक सवय मात्र सगळ्यांना ठाऊक होती. बाजारातून आलेली चण्याची डाळ ती दारातल्या उन्हात परातीत पसरायची आणि दाणा न् दाणा बोटानं सरकवत बघायची. खडे काढून झाले तरी तिचं बघणं संपायचं नाही. बायका हसायच्या. डाळ निवडते की तांदळावर कशिदा काढते, असं शोभाताई विचारायच्या. गोपिकाही हसायची, पण हात थांबवायची नाही. तयार बेसन तिनं घरात कधी आणू दिलं नाही. डाळ स्वतः चक्कीवर न्यायची, आधी कुणाचं दळण झालं ते विचारायची आणि पीठ डब्यात पडेपर्यंत तिथंच उभी राहायची.

ती काय शोधते, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. ती लाखोळी शोधत होती.

गोपिकेचं माहेर भिवापूरकडचं. तिकडे धान कापायच्या आधी ओल्या बांधीतच, उभ्या धानाच्या शेतात, लाखोळी फेकतात. तिला ना नांगर लागतो, ना पाणी. पाऊस दगा देतो त्या वर्षी बाकी सगळं जळून जातं आणि ही मात्र हिरवीगार उभी असते. लोक तिला नुसतं लाख म्हणतात. दिसायला तुरीच्या नाहीतर चण्याच्या डाळीसारखीच, फक्त दाणा चपटा आणि कडेला कोन. गोपिका नऊ-दहा वर्षांची असताना असंच एक वर्ष आलं. घरात लाखच लाख. सकाळी लाखेच्या पिठाची भाकर, संध्याकाळी लाखेचं वरण, मधे पोरांना लाखेचे वडे. तिची माय ते वडे लसूण-जिरं घालून असे खरपूस तळायची की गोपिका भावंडांशी भांडून एक जास्तीचा घ्यायची. भूक कशी ती त्या वर्षी तिला कळलीच नाही.

हिवाळा संपता संपता तिचे बाबा, देवाजी, बांधावर बसले आणि त्यांना उठता येईना. दुखत काही नव्हतं. पाय लाकडासारखे ताठ झाले होते, एवढंच. दोघांनी धरून घरी आणलं. मग एक काठी आली, मग दोन. टाचा जमिनीला टेकायच्या बंद झाल्या. देवाजी चवड्यांवर, गुडघ्यावर गुडघा घासत चालायचे, आणि ते तसेच राहिले. गावात आणखी काही जणांचं तसंच झालं. वैदू म्हणाला वात आहे. तालुक्याहून आलेल्या एका कंपाउंडरनं लाखोळीचं नाव घेतलं आणि माय मटकन खाली बसली. कारण तिनंच ती हातानं रांधून वाढली होती.

गोपिकेच्या मनात तेव्हापासून एक गोष्ट घर करून बसली. सगळ्यांनी एकाच टोपल्यातून खाल्लं होतं, मग ते बाबांच्याच पायात काहून उतरलं? तिच्या अंगात ते कुठं लपून तर बसलं नाही? आज ना उद्या निघणार तर नाही? हे विचारायला कुणी नव्हतं.

लग्न जमवताना चंपतरावाच्या मायनं, जिजाबाईनं, देवाजींच्या काठ्यांकडे पाहून विचारलं होतं. पायाचं दुखणं रक्तातलं आहे म्हणून सोयरीक मोडेल, या धास्तीनं गोपिकेच्या काकांनी सांगून टाकलं की देवाजी बैलबंडीवरून पडले. गोपिका दाराआड उभी होती. ती काही बोलली नाही. सासरी आल्यावर पहिल्याच सकाळी तिनं नवऱ्याला मागाच्या खड्ड्यात बसलेलं पाहिलं. हातात धोटा, आणि खाली अंधारात दोन्ही पाय आळीपाळीनं पावड्या दाबत होते. हे सगळं घर त्या दोन पायांवर चाललं आहे हे तिला दिसलं.

बाहत्तर साली पाऊस गेला तेव्हा गोपिका दुसऱ्यांदा गरोदर होती. पहिली मुलगी शामला चार वर्षांची. दिवस जड जात होते म्हणून तिला माहेरी पाठवलं. बाळंतपण अवघड गेलं, मुलगा झाला, पण ती अंथरुणाला खिळून राहिली. शामला आजीजवळ नागपुरातच होती. गोपिका परत आली तेव्हा संक्रांत होऊन गेली होती.

जिजाबाईनं भाकरतुकडा ओवाळून तिला घरात घेतलं. माग वाजत होता, शामला पायाला बिलगली, ओट्यावर माणसं बसलेली, सगळं जिथल्या तिथं. जिजाबाईनं नातू मांडीवर घेतला आणि सुनेपुढे ताजे भजे ठेवले.

"खा वं, गरम हाय. प्रवासानं तोंड सुकलं तुयं."

गोपिकेनं एक भजं तोडून तोंडात घातलं. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, किंचित मातकट गोडवा. तिला इतकं बरं वाटलं की डोळे मिटले. चुलीचा धूर, मायचा हात, भावंडांची झटापट, सगळं त्या एका घासात आलं. तिनं दुसरं उचललं आणि अर्ध्यावर तिचा हात थांबला. ही चव चण्याची नव्हती.

तोंडातला घास तिला ना गिळता येईना, ना थुंकता येईना.

तिनं सावकाश विचारलं, की हे बेसन कोणाकडचं. जिजाबाईनं सहज सांगितलं, की डाळ महागली, मिळेनाशी झाली, तेव्हा भंडाऱ्याकडच्या भावानं, महादेवरावानं, एक पोतं पाठवलं. तीच डाळ दळून बेसनात मिसळत होते.

"लाख हाय त्याच्यात?" गोपिकेनं विचारलं.

"हाय ना. काहून? आमी तर लहानपणी लाखेवरच वाढलो. काय झालं आमाले?"

त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे बैलबंडीची गोष्ट खोटी होती हेही सांगायचं. बाबांचे पाय असेच गेले, मला माहीत होतं, आणि मी गप्प राहिले, हेही सांगायचं. शिवाय तिला असंही वाटलं की आपण बोललो तर ते खरंच होईल. ओट्यावर भैय्याजी भजं खात हसत होता. शामलाच्या दोन्ही हातांत भजे होते. गोपिकेनं शामलाच्या हातातले काढून घेतले, आणि पोर रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी जिजाबाई देवळात गेल्यावर तिनं पिठाचा डबा उकिरड्यावर उपडा केला. पिठाला जाळी धरली होती, असं सांगितलं. जिजाबाईला ते लागलं. दुष्काळाच्या वर्षी अन्न फेकते, म्हणून ती दोन दिवस सुनेशी बोलली नाही. गोपिकेनं ओट्यावरचे भजे बंद केले. तेल परवडत नाही असं कारण दिलं आणि नुसता चहा ठेवला. डबा गेला म्हणजे लाख गेली, असं तिनं धरलं. पोत्याचं तिच्या डोक्यातच आलं नाही.

पण भीती डब्याबरोबर गेली नाही. आता ती सगळ्यांचे पाय बघायला लागली. भैय्याजी ओट्यावरून उठताना गुडघ्यावर हात ठेवून उठला, तो आधीही असाच उठायचा का? शामला खेळताना पडली, ती अडखळली की पाय वळला? ती लेकीला उगाच दारापासून चुलीपर्यंत चालायला लावायची. पोरीला तो खेळ वाटायचा. रांधताना तिचा कान आतल्या मागाकडे असायचा. खट, खट, धोट्याचा सरसर आवाज, पुन्हा खट. एखादा ठोका उशिरा पडला की तिच्या हातातली भाकर परातीतच राहायची. चंपतराव पाणी प्यायला थांबला असेल, सूत तुटलं असेल, हे तिला कळायचं. तरी पुढचा ठोका येईपर्यंत ती श्वास रोखून बसायची.

आणि एक दिवस चंपतराव जेवता जेवता बोलला, की हल्ली पिंढऱ्या आखडून राहिल्या आहेत, खड्ड्यातून निघताना पाय आपले वाटत नाहीत. त्यानं ते तक्रारीच्या सुरातही सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी जिजाबाई शोभाताईंकडे गेली होती. गोपिका मागाच्या खड्ड्याच्या काठाशी जाऊन बसली आणि तिनं सगळं सांगितलं. बाबांचे पाय, लाखेचं वर्ष, काकांचं खोटं, भज्यांची चव, उकिरड्यावर ओतलेलं पीठ. सांगताना तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही, मागावरच्या पातळाच्या काठाकडे पाहत राहिली. माग थांबला होता.

चंपतराव हातांवर जोर देऊन खड्ड्यातून वर आला आणि त्या लहानशा खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत चालला. वळला, परत चालला. स्वतःचे पाय तो असे पाहत होता, जसे कुणी दुसऱ्याचेच आणून लावले आहेत.

"तुये बाबा," त्यानं विचारलं, "पहिल्यांदा कसं झालं होतं त्याईले?"

"पिंढऱ्या आखडल्या," गोपिका म्हणाली.

तो खाली बसला. रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो एवढंच म्हणाला की मायले आत्ता काही बोलू नको, आधी दवाखान्यात दाखवू.

सरकारी दवाखान्यात दुपारपर्यंत थांबल्यावर डॉक्टरांनी बोलावलं. पोक्त गृहस्थ होते, घाईत नव्हते. त्यांनी चंपतरावाला बाकावर बसवून गुडघ्याखाली रबरी हातोडीनं टोकलं, तळव्यावर किल्ली ओढली, टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं. गोपिका कोपऱ्यात उभी राहून डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघत होती. मग त्यांनी सांगितलं की पाय ठणठणीत आहेत. गार खड्ड्यात तासन् तास बसल्यानं शिरा आखडतात. खाली पोतं अंथरा, मधे मधे उठा. लाखोळीचं म्हणाल तर ती वाईटच, विकायलाही बंदी आहे, पण चार भज्यांनी ती पाय नेत नाही. महिनोन् महिने तिच्यावरच पोट भरलं तर नेते.

चंपतरावानं इतका मोठा श्वास सोडला की डॉक्टर हसले. गोपिकेच्या डोळ्यांना धार लागली. निघताना डॉक्टरांनी सहज विचारलं, "घरात दुसरं कोणी ते पीठ रोज खात होतं का?"

दोघांनीही एकदम नाही म्हटलं.

घरी येईपर्यंत ऊन उतरलं होतं. जिजाबाईनं अंगण नुकतंच शेणानं सारवलं होतं आणि ती आत गेली होती. सारवण अजून ओलं होतं. गोपिका अंगणाच्या कडेशी थांबली, पाय कुठे ठेवावा म्हणून खाली पाहिलं. ओल्या सारवणावर पावलं उमटली होती, अंगणाच्या मधून दारापर्यंत. पाच बोटं आणि चवडा. पुन्हा पाच बोटं आणि चवडा. टाच कुठेच नव्हती.

तिनं नवऱ्याचा हात घट्ट धरला. त्याला आधी कळलं नाही. मग तोही पाहत राहिला.

आत जिजाबाई भिंतीला हात लावून चुलीकडे जात होती. गोपिका परत आल्यापासून सासू अशीच भिंत धरून चालत होती. गोपिकेनं ते रोज पाहिलं होतं. वय झालं, एवढंच तिच्या मनात आलं होतं. तिनं गल्लीभरातल्या पुरुषांचे पाय पाहिले, लेकीचे पाहिले, नवऱ्याच्या पायांचा आवाज ऐकत दिवस काढले. या पायांकडे तिची नजर गेली नव्हती.

"आत्याबाई," ती म्हणाली, "तुमी काय जेवून राहिल्या इतके दिवस?"

जिजाबाई आधी चिडली. घरचं जेवते, दुसरं काय, म्हणाली. पण गोपिका हलेना, मुलगाही समोर उभा. शेवटी ती चुलीशी टेकली आणि पदराशी चाळा करत बोलू लागली. ज्वारी पुरत नव्हती. चंपतला मागावर बसायचं, पोरगी वाढीची, त्यांच्या ताटात ज्वारी आणि तांदूळ पडला पाहिजे. आपल्याला काय, म्हातारीला काहीही चालतं. महादेवरावाच्या पोत्यातली लाख दळून ती वेगळ्या मडक्यात ठेवायची आणि सगळ्यांचं झाल्यावर मागे बसून तिचीच भाकर, तिचंच पिठलं खायची. पावसाळा संपल्यापासून रोज, दोन्ही वेळा. सुनेनं डबा फेकला तेव्हा ते मडकं माळ्यावर होतं. त्यानंतरही ती तेच खात होती. आजही तेच खाल्लं होतं.

"पाय कधीपासून असे?" चंपतरावानं विचारलं.

"तीळसंक्रांतीपासून. थंडीनं झालं म्हणलं."

मग गोपिकेनं तिला सगळं सांगितलं. बैलबंडीचंही. जिजाबाई ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिचा हात आपल्या गुडघ्यावर गेला, तिथंच राहिला. ती सुनेला एक शब्दही वाईट बोलली नाही. तिनं फक्त विचारलं, "शामलाले मी त्या मडक्यातलं देल्लं नाही. मिसळलेले भजे तेवढे देल्ले. तिले काही होईन का वं?"

गोपिका नाही म्हणाली. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणाली. आणि सासूच्या पायांवर डोकं ठेवून रडली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी जिजाबाईच्या गुडघ्याखाली हातोडी टेकवली, तेव्हा पाय नको तितक्या जोरात, स्प्रिंगसारखा उडाला. त्यांनी दोन्ही पाय तपासले आणि हातोडी खाली ठेवली. जे गेलं ते परत येणार नाही. लाख आजपासून बंद केली तर इथंच थांबेल. बहुतेक थांबेल. या 'बहुतेक'वर गोपिकेनं पुढची किती वर्षं काढली कोण जाणे.

त्याच आठवड्यात ती गल्लीत घरोघर गेली. आपल्या ओट्यावर जे खाल्लं त्यात लाख होती, तुमच्या घरी असली तर टाकून द्या, असं स्वतः सांगत गेली. कुणी ऐकून घेतलं. कुणी दार लोटलं. भैय्याजीनं बरेच दिवस ओट्याकडे पाहिलंही नाही, आणि तिलाही त्याच्याकडे पाहायची छाती झाली नाही. त्याच्या पायांकडे मात्र ती खिडकीतून पाहायची. कुणालाच काही झालं नाही. पुढच्या पावसाळ्यात भैय्याजी एका संध्याकाळी आला, ओट्यावर टेकला आणि चहा मागितला.

तिनं पुन्हा रांधायला घेतलं, पण बेसन त्या चुलीवर परत चढलं नाही. हिरव्या मुगाचे वडे, सालासकट भिजवून पाट्यावर वाटलेले. ज्वारीच्या कण्या, वर जवसाची चटणी आणि कच्चं तेल. थंडीत सुंठ-गुळाचा चहा. लोकांना तेही आवडलं. शामला मोठी झाली, शाळेत पळण्याच्या शर्यतीत पहिली आली. सगळे टाळ्या वाजवत होते, तेव्हा गोपिका खाली मान घालून, फक्त तिच्या टाचा टेकतात की नाही, ते बघत होती.

जिजाबाई आणखी आठ-नऊ वर्षं जगली. पाय जिथं थांबले तिथंच थांबले. एका काठीवर निभावलं, दुसरी लागली नाही. रोज दुपारी माग थांबले की ती आतल्या खोलीतून उठायची. कुणी धरलेलं तिला आवडायचं नाही. एका हातात काठी, दुसरा भिंतीवर, चवड्यांवर तोल सांभाळत ती ओट्याकडे निघायची. गोपिका कढईतला झारा तसाच वर धरायची. वडे करपायला लागायचे, ओट्यावरून कुणीतरी हाक मारायचं, ती ओ द्यायची नाही. सासू उंबरा ओलांडून, काठी भिंतीला टेकवून, सावकाश खाली बसायची आणि म्हणायची, "दे वं चहा." तेव्हा कुठे गोपिका झारा कढईत घालायची.